तोट्यातील गाडी बंद केली, तर खर्च कोणाच्या खिशातून जातो? जपानमधील वाहतूक नियोजनाचा अनुभव

थोडक्यात

- जपानमध्ये १९८० नंतर तोट्यातील अनेक रेल्वेमार्ग बंद झाले. २००० नंतर रेल्वे आणि बस कंपन्यांना मार्ग सोडणे आणखी सोपे झाले.
- गाडी बंद झाल्यावर शाळा, दवाखाना आणि बाजार यांच्या वाटेचा खर्च कुटुंबांवर आणि नगरपालिकांवर येतो, हे तेथील अभ्यासकांनी आकड्यांनी दाखवले.
- त्यामुळे कायदे बदलले. आता स्थानिक प्रवास आराखड्याच्या चर्चेत प्रवाशांच्या प्रतिनिधींनाही जागा असते.
- तरीही सर्व प्रश्न सुटलेले नाहीत. आता चालकच मिळत नाहीत.
- प्रवास सवलतीचा लाभ घेणाऱ्यांनी हा अनुभव समजून घ्यावा, कारण सवलत आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका मुलीसाठी थांबणारी गाडी: त्या गोष्टीत किती तथ्य?

तुमच्याही फोनवर ही गोष्ट कधीतरी आली असेल. जपानमध्ये एका आडगावच्या स्टेशनावर एकच मुलगी गाडीत चढत असे आणि तिचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत रेल्वेने ते स्टेशन चालू ठेवले, अशी ती गोष्ट. जानेवारी २०१६ मध्ये ती जगभर पसरली आणि आजही फिरते आहे.

स्टेशन खरे आहे. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावरचे ते क्यू-शिराताकी. तेथून शाळेला जाणारी विद्यार्थिनीही खरी होती. मात्र स्टेशन केवळ तिच्यासाठी चालू ठेवले होते, हे खरे नाही. त्या मार्गावर इतर स्टेशनांवरचे प्रवासी होतेच आणि गाडी त्यांच्यासाठीही धावत होती. अगदी कमी वापराची काही स्टेशने नव्या वेळापत्रकाबरोबर बंद करण्याचा निर्णय कंपनीने घेतला होता. ते वेळापत्रक मार्च २०१६ मध्ये लागू झाले. जपानमध्ये शाळेचे वर्षही मार्चमध्येच संपते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि त्यातून ही कहाणी तयार झाली.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी पाठवत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीने, म्हणजे जेआर होक्काइदोने, एक यादी जाहीर केली. १० मार्गांचे १३ भाग, एकूण सुमारे १,२३७ किलोमीटर लोहमार्ग, स्वतःच्या बळावर चालवणे आता शक्य नाही, असे कंपनीने सांगितले. क्यू-शिराताकी ज्या मार्गावर होते, तो सेकिहोकु मार्गही या यादीत होता.

म्हणून जपानकडून शिकायचे असेल, तर ते या यादीमागच्या वादातून शिकावे लागेल. कमी प्रवाशांची गाडी चालवायची की नाही, हे कोणी ठरवायचे आणि कोणता हिशेब मांडून?

आधीचा हिशेब: तिकिटाचे उत्पन्न वजा खर्च

जपानची सरकारी रेल्वे १९७० च्या दशकात मोठ्या कर्जात बुडाली होती. १९८० मध्ये तिच्या पुनर्रचनेचा कायदा झाला. एका किलोमीटर मार्गावरून दिवसाला सरासरी किती प्रवासी जातात, हा मुख्य निकष ठरला. ही संख्या ४,००० पेक्षा कमी असलेल्या मार्गांपैकी ८३ मार्ग, म्हणजे सुमारे ३,१०० किलोमीटर, सरकारी रेल्वेतून वगळण्यासाठी निवडले गेले. त्यांपैकी ४५ मार्गांवर बस आली आणि ३८ मार्ग स्थानिक किंवा खासगी रेल्वे कंपन्यांकडे गेले.

१ एप्रिल १९८७ रोजी सरकारी रेल्वेचे विभाजन झाले. सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहतूक कंपनी स्थापन झाली. तेव्हा एकूण कर्ज सुमारे ३७ लाख कोटी येन होते. मोठ्या शहरांच्या आणि बुलेट ट्रेनच्या कमाईवर पूर्व, मध्य आणि पश्चिम जपानच्या कंपन्या सावरल्या. त्याच उत्पन्नातून आडमार्गांचा तोटाही भरून निघत असे. होक्काइदोसारख्या विरळ वस्तीच्या भागातील कंपनीला ते जमले नाही.

पुढे नियम आणखी सैल झाले. २००० पासून रेल्वे कंपनीला मार्ग बंद करण्यासाठी सरकारच्या परवानगीची गरज उरली नाही. एक वर्ष आधी सूचना दिली की पुरे. २००२ पासून बस कंपन्यांना सहा महिन्यांची सूचना पुरेशी झाली. स्पर्धा वाढेल आणि सेवा सुधारेल, ही त्यामागची कल्पना होती. शहरांत काही प्रमाणात तसे झालेही. खेड्यांत मात्र स्पर्धा करायला दुसरी गाडीच नव्हती.

या काळात तेथे काही शब्द रूढ झाले. स्वतः गाडी चालवू न शकणाऱ्यांना, म्हणजे वृद्ध, शाळकरी मुले आणि दिव्यांग यांना, ‘कोत्सू जाकुशा’ म्हणतात. प्रवासाच्या बाबतीत जे दुबळे पडतात, असा त्याचा अर्थ. दुसरा शब्द अधिक बोचरा आहे : ‘काइमोनो नानमिन’, म्हणजे बाजारहाटाला पारखे झालेले निर्वासित. स्वतःच्याच गावात राहणाऱ्या माणसाला निर्वासित म्हणावे लागले, यावरून प्रश्नाची तीव्रता कळते.

फुकुई: गाडी खरोखरच बंद पडली तेव्हा

गाडी बंद झाली तर काय होईल, याबद्दल सगळीकडे अंदाजच बांधले जातात. फुकुई प्रांतात ते प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

तेथे केइफुकु कंपनीची स्थानिक रेल्वे होती. १७ डिसेंबर २००० रोजी तिच्या दोन गाड्यांची समोरासमोर धडक झाली. सहा महिन्यांनी, २४ जून २००१ रोजी, पुन्हा तसाच अपघात झाला. सरकारने वाहतूक थांबवण्याचा आदेश दिला. तोट्यातील कंपनीकडे सुरक्षेची मोठी कामे करण्याइतका पैसा नव्हता. गाड्यांऐवजी बस सुरू झाल्या.

त्यानंतर दोन वर्षे लोकांनी जे भोगले, त्याला जपानी अभ्यासक ‘उलटा सामाजिक प्रयोग’ म्हणतात. रेल्वेचे सगळे प्रवासी बसमध्ये गेले नाहीत. अनेकांनी स्वतःच्या मोटारी काढल्या आणि रस्ते तुंबले. फुकुईत हिवाळ्यात बर्फ पडते, तेव्हा बस वेळेवर पोहोचेनात. मुलांना शाळेत उशीर होऊ लागला, म्हणून आईवडील कामाची वेळ मोडून त्यांना पोहोचवू लागले. मोटार नसलेले वृद्ध बाहेर पडणेच टाळू लागले.

रेल्वेचा तोटा कागदावर थांबला होता. त्याच्या जागी आलेला पेट्रोलचा खर्च, बुडालेले कामाचे तास आणि लांबणीवर पडलेली दवाखान्याची फेरी कोणत्याच ताळेबंदात दिसत नव्हती.

शेवटी प्रांत आणि मार्गावरच्या नगरपालिका एकत्र आल्या. रुळांवरची मोठी कामे प्रांताने करायची आणि चालवण्यातला तोटा नगरपालिकांनी उचलायचा, अशी वाटणी झाली. नवी एचिझेन रेल्वे जुलै २००३ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. तिच्या गाड्यांत तिकीट देणाऱ्या, वृद्धांना चढायला-उतरायला हात देणाऱ्या आणि पुढची बस कोठे मिळेल ते सांगणाऱ्या सेविका नेमल्या गेल्या. पुढच्या दशकात या रेल्वेचे प्रवासी जुन्या कंपनीच्या शेवटच्या काळापेक्षा जास्त झाले. एक शाखा मार्ग मात्र पुन्हा सुरू झाला नाही, हेही सांगायला हवे.

नवा हिशेब: गाडी नसेल तर किती खर्च येईल?

फुकुईत जे सोसून कळले, ते आधीच मोजता येईल का? पश्चिम जपानमधील किन्की भागात दोई त्सुतोमु यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणि सरकारच्या विभागीय वाहतूक कार्यालयाने यासाठी एक पद्धत पुढे आणली. तिचे जपानी नाव इंग्रजीवरून घेतलेले आहे : ‘क्रॉस सेक्टर’ परिणाम. मराठीत त्याला ‘इतर खात्यांवर पडणारा भार’ म्हणता येईल.

पद्धत साधी आहे. समजा, उद्या ही गाडी बंद झाली. मग रुग्णांसाठी दवाखान्याची गाडी किंवा टॅक्सीचे भाडे द्यावे लागेल. तो खर्च आरोग्य खात्याचा. मुलांसाठी शाळेची बस लागेल. तो शिक्षण खात्याचा. वृद्धांना बाजारात न्यावे लागेल किंवा बाजार त्यांच्या दारी न्यावा लागेल. मोटारी वाढल्या तर रस्ता रुंद करावा लागेल. या सगळ्याची बेरीज करायची आणि ती गाडीवर आज होणाऱ्या खर्चाशेजारी ठेवायची.

शिगा प्रांतातील ओमी रेल्वेचे उदाहरण पाहू. तिचा मार्ग ५९.५ किलोमीटरचा असून पाच शहरे आणि पाच लहान नगरे त्यावर येतात. १९९४ पासून ती तोट्यात होती. २०१६ मध्ये कंपनीने प्रांताला कळवले की आता एकट्याने चालवणे कठीण आहे. तेव्हा वरील पद्धतीने हिशेब मांडला गेला. रेल्वेचा तोटा आणि शासनाचे अनुदान मिळून वर्षाला सुमारे ६७ कोटी येन लागत होते. रेल्वे नसती, तर वेगवेगळ्या खात्यांना पर्यायी सोयींवर वर्षाला सुमारे १९१ कोटी येन खर्च करावे लागले असते. (एक येन म्हणजे साधारण पन्नास ते साठ पैसे.)

म्हणजे ज्या रेल्वेला तोट्याची म्हटले जात होते, ती सार्वजनिक पैशाचे वर्षाला सुमारे १२४ कोटी येन वाचवत होती. हा आकडा समोर आल्यावर २०२० मध्ये संपूर्ण मार्ग राखण्याचे ठरले. एप्रिल २०२४ पासून रूळ आणि स्टेशने प्रांत व नगरपालिकांच्या संस्थेकडे आली आणि कंपनी फक्त गाड्या चालवते. आपल्याकडे रस्ता शासन बांधते आणि त्यावर बस धावते, तसेच हे आहे.

या पद्धतीची मर्यादाही समजून घ्यावी. हा सगळा ‘गाडी नसती तर’ या कल्पनेवरचा हिशेब आहे. कोणती पर्यायी सोय धरली, यावर आकडा बदलतो. जेथे दिवसाला मोजकेच प्रवासी आहेत, तेथे हाच हिशेब रेल्वेपेक्षा लहान बस स्वस्त पडते असेही दाखवू शकतो. पण निर्णय घेण्यापूर्वी हिशेबाची दुसरी बाजू लिहिलीच पाहिजे, हे तेथे आता मान्य होऊ लागले आहे.

कायद्यात काय बदलले?

- २००६ : रस्ते वाहतूक कायद्यातील बदलानुसार ‘स्थानिक सार्वजनिक वाहतूक परिषद’ ही व्यवस्था आली. नगरपालिका, बस कंपनी, चालकांच्या संघटनेचे प्रतिनिधी आणि रहिवासी किंवा प्रवासी एका टेबलाशी बसून मार्ग, वेळा आणि भाडे ठरवू शकतात. बस-टॅक्सी नसलेल्या भागात नगरपालिका किंवा सेवाभावी संस्थेला, नोंदणी करून, खासगी गाडीने भाडे घेऊन लोकांना नेण्याची तरतूदही स्पष्ट झाली.
- २००७ : स्थानिक सार्वजनिक वाहतूक टिकवण्यासाठी स्वतंत्र कायदा लागू झाला.
- २०१३ : वाहतूक धोरणाचा मूलभूत कायदा झाला.
- २०२० : प्रत्येक स्थानिक संस्थेने प्रवास आराखडा तयार करण्याचा प्रयत्न करावा, असे कायद्याने सांगितले.
- २०२३ : अगदी कमी प्रवाशांच्या रेल्वेमार्गांबाबत केंद्र सरकार स्वतः चर्चेची परिषद बोलावू शकेल, अशी तरतूद आली. साधारण निकष किलोमीटरमागे दिवसाला १,००० पेक्षा कमी प्रवासी हा आहे. पहिली परिषद ओकायामा आणि हिरोशिमा प्रांतांतून जाणाऱ्या गेइबी मार्गासाठी २०२४ मध्ये सुरू झाली.

प्रवाशांना जागा मिळाल्याने काय फरक पडतो?

टोकियोजवळच्या मुसाशिनो शहराची ‘मूबस’ पाहा. एका वृद्ध महिलेने महापालिकेला कळवले की स्टेशनापर्यंत जायचे असते, पण तेवढे चालवत नाही आणि सायकलची भीती वाटते. महापालिकेने अभ्यासकांची समिती नेमली. अडचण भाड्यापेक्षा अंतराची होती. अरुंद गल्ल्यांत मोठी बस शिरत नव्हती आणि थांबे लांब होते. म्हणून लहान बस निवडली, थांबे साधारण दर २०० मीटरवर ठेवले आणि भाडे १०० येन ठरवले. नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झालेली ही बस देशभरातील नगरपालिकांसाठी नमुना ठरली. अनेकांनी मात्र फक्त १०० येनची नक्कल केली, लोकांना विचारले नाही. मग लांब वळसे घेणाऱ्या, दिवसातून दोन-तीनदा येणाऱ्या रिकाम्या बस फिरू लागल्या.

तोयामा शहराने २००६ मध्ये जुना रेल्वेमार्ग ट्रामसारख्या हलक्या रेल्वेत बदलला. पूर्वी अर्ध्या ते एका तासाने गाडी येत असे. आता दिवसा दर १५ मिनिटांनी येऊ लागली. डब्याची जमीन फलाटाच्या पातळीवर आल्याने चाकाची खुर्ची किंवा काठी घेऊन चढता येते. कामाच्या दिवशीचे प्रवासी सुमारे दुपटीने वाढले. पाहणीत दिसले की त्यांतला साधारण पाचातला एक जण पूर्वी हा प्रवास करतच नव्हता. तो कोणत्या दुसऱ्या वाहनातून आलेला नव्हता. पूर्वी तो घरीच राहत होता.

तोयामात ६५ वर्षांवरील नागरिकांना नाममात्र वार्षिक शुल्कात पास मिळतो. दिवसा शहराच्या मध्यभागी जाण्या-येण्यासाठी १०० येन पडतात. सवलत तीच, जी इतर शहरेही देतात. येथे ती उपयोगी पडते, कारण गाडी दर पंधरा मिनिटांनी येते.

जे अजून सुटलेले नाही

होक्काइदोतील युबारी हे जुने कोळसा खाणीचे शहर. २०१६ मध्ये तेथील महापौरांनी स्वतःच रेल्वे बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. त्या बदल्यात कंपनीकडून सुमारे ७५ कोटी येन आणि बससेवेसाठी सहकार्य मिळवले. १६.१ किलोमीटरचा मार्ग एप्रिल २०१९ मध्ये बंद झाला. बंद होणारच असेल तर वाट पाहत बसण्यापेक्षा आधी बोलणी केलेली बरी, असा तो विचार होता.

पण बस हे उत्तरही आता डळमळीत आहे. होक्काइदोत ओतारू ते ओशामांबे या मार्गावर रेल्वेऐवजी बस आणण्याचे २०२२ मध्ये ठरले. पुढे बसचालकच पुरेसे नसल्याने बोलणी रखडली. ओसाका प्रांतात तर कोंगो नावाच्या कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपली संपूर्ण बससेवा बंद केली. घटते प्रवासी आणि चालकांची टंचाई ही कारणे होती. हा भाग दुर्गम नाही, मोठ्या शहराच्या शेजारचा आहे. एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली आणि दोन पाळ्यांमधली विश्रांती वाढवली गेली. चालकांच्या आरोग्यासाठी हे आवश्यकच होते. मात्र वर्षानुवर्षे कमी पगारात जास्त तास काम करून घेऊनच अनेक फेऱ्या चालल्या होत्या, हेही त्यातून उघड झाले.

दुसरीकडे वृद्धांनी अपघात टाळण्यासाठी वाहन परवाना परत करावा, असे आवाहन केले जाते. २०१९ मध्ये सुमारे ६ लाख लोकांनी तो परत केला. ज्यांच्या गावात बस नाही, त्यांनी परवान्याबरोबर दवाखान्याची वाटही परत केली.

आपल्यासाठी यात काय आहे?

जपान आणि भारत यांची परिस्थिती वेगळी आहे. तेथे लोकसंख्या घटते आहे आणि घरोघरी मोटार आहे. आपल्याकडे गाड्यांत गर्दी असते आणि बहुतेकांना बसशिवाय पर्याय नाही. पण एक प्रश्न सारखाच आहे.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागते. बेळगाव-निपाणीकडील भगिनींना जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेचा लाभ आहे. दिल्लीत २०१९ पासून महिलांना बसप्रवास मोफत झाला. या योजनांनी तिकिटाचा खर्च कमी केला. पण पास हातात आहे आणि गावात येणारी सकाळची फेरीच बंद आहे, तर त्या पासाने आजी दवाखान्यात पोहोचत नाही.

खर्च योग्य खात्यावर टाकण्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांत मुलींना शाळेत नेण्यासाठी एसटी बस धावतात. हा खर्च एसटीचा तोटा म्हणून न पाहता मुलींच्या शिक्षणाचा खर्च म्हणून पाहिला गेला.

तुमच्या गावची फेरी कमी झाली किंवा बंद होणार असेल, तर ग्रामसभेत ठराव करताना किंवा आगारप्रमुखांना निवेदन देताना केवळ ‘गैरसोय होते’ एवढेच लिहू नका. पुढील माहिती जोडा :

- या फेरीने किती मुले शाळा-महाविद्यालयात जातात आणि त्यांचे वर्ग किती वाजता भरतात?
- किती जण डायलिसिस, गरोदरपणातील तपासणी किंवा नियमित औषधांसाठी जातात?
- निवृत्तिवेतन, रेशन किंवा बँकेच्या कामासाठी तालुक्याला जायला दुसरे वाहन कोणते आणि त्याचे भाडे किती?
- गाडी चुकल्यास किती जणांची दिवसाची मजुरी बुडते?

अशी यादी एका पानावर मावते. ओमी रेल्वेचा हिशेबही मुळात अशाच प्रश्नांच्या उत्तरांची बेरीज होता. निर्णय तुमच्या बाजूने होईलच, असे नाही. पण गाडीचा तोटा लिहिला जातो त्याच कागदावर, ती नसल्यामुळे तुम्हाला होणारा तोटाही लिहिलेला असेल.